गिरणीवरचं वजन

कापडे गावातल्या चाळिशीच्या कुठल्याही बाईला गाठा आणि विचारा, ‘चौदा वर्षांची होतीस तेव्हा तुझं वजन किती होतं गो?’ ती लाजणार नाही, आठवायला थांबणार नाही. फाडकन सांगेल, ‘एकोणचाळीस किलो दोनशे.’ वर शेजारणीचंही सांगेल, आणि शेजारीण तिथं हजर असली तर दोघींची त्यावरून जुंपेल. कारण या बायांची वजनं त्या काळी चोरून झालीच नाहीत. ती झाली रंगूबाईच्या भातगिरणीवर, भर अंगणात, पोती जोखायच्या काट्यावर, आणि ओरडून सांगितली गेली ती रंगूबाईच्या तोंडानं. मग काय, गावाला पाठ होणारच!

रंगूबाई आता सत्तरीला टेकलीय. अंगाने पाप्याचं पितर, पण आवाज गिरणीचा. चाळीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे गिरण बंद असली तरी ती तशीच बोलते. तिनं कानात सांगितलेली गोष्ट वरच्या वाडीत ऐकू जाते. अशा बाईनं एक गोष्ट मात्र पंचावन्न वर्षं कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. गेल्या वर्षी नातीचा, सेजलचा, कबड्डीचा खेळ सुटायची वेळ आली तेव्हा ती सांगावी लागली. तो सगळा प्रकार काट्यापासून सुरू झाला, म्हणून आपणही काट्यापासूनच सुरू करू.

गिरण रंगूबाईच्या नवऱ्याची, गोमाजीची. मुंबईची नोकरी सोडून तो गावी आला तो ही जुनी गिरण विकत घेऊनच. दिवाळी सरली की भाताची पोती यायला लागायची. बाया टोपल्या घेऊन नंबर लावून बसायच्या, तूस उडायचं, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि त्या धुरळ्यात गावातल्या सगळ्या सोयरिकींची उलटसुलट चर्चा व्हायची. काय दिवस होते ते! आता ओटीवर बसून रंगूबाई म्हणते, ‘तवा पोट भरायला भात लागायचा, आनि मन भरायला गिरण.’ काटा दारातच होता. खाली लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. वर्षाला वजनमापेवाला येऊन त्यावर शिक्का मारून जायचा, आणि त्या शिक्क्याचा रंगूबाईला मंगळसूत्राएवढा अभिमान.

अठ्ठ्याण्णव साली शाळेवर सुशांत सर आले. मूळचे तुडीलचे, सावित्रीकाठचे. लाजाळू माणूस, बोलताना जमिनीकडे बघणारा. पण मैदानात उतरला की वेगळाच. भात कापून झालेल्या खाचरांत पोरी हुतुतू खेळायच्या, ते त्यांनी पाहिलं आणि दोन आठवड्यांत मुलींचा कबड्डीचा संघ काढला. किशोरी गटात खेळायचं तर वयाबरोबर वजनही मर्यादेत लागतं. शाळेत काटा नव्हता. सर आले गिरणीवर.

‘काकू, मुलींची वजनं करायची आहेत. काटा मिळेल का? शाळेत नेतो, संध्याकाळी आणून देतो.’

‘शाळेत कुठं?’

‘ऑफिसात.’

‘ऑफिसाला दार हाय?’

सरांना प्रश्नच कळेना. ‘आहे की.’

‘मग काटा नाय मिळनार.’ रंगूबाईनं पट्टा थांबवला, म्हणजे विषय गंभीर. ‘पोरींना हितं आना. वजन मी घेनार. तुमी तिकडं आंब्याखाली उभं ऱ्हायचं, माज्याकडं पाठ करून. मी वरडन, तुमी लिवायचं.’

सरांचे कान लाल झाले. ‘काकू, मी शिक्षक आहे.’

‘म्हनूनच सांगते.’

सर रागानं निघून गेले. राग येणार नाही तर काय! बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. गोमाजीसुद्धा बायकोवर चिडला, म्हणाला, ‘भल्या मानसाचा पानउतारा केलास.’ शनिवारी सर तुडीलला घरी गेले, आईजवळ रडगाणं गायले. त्यांची आई काशीबाई शेतावर राबलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिनं ऐकून घेतलं आणि मुलालाच झापलं. ‘त्या बाईच्या पाया पड जाऊन. उद्या कोन तुज्याकडं बोट करील, तवा तीच उभी ऱ्हाईल तुज्यासाठी. दार उघडं असलं म्हंजे पोरीबी मोकळ्या आन् तूबी मोकळा.’

सोमवारी सर चौदा पोरी घेऊन गिरणीवर आले आणि न सांगता आंब्याखाली पाठमोरे उभे राहिले. हा माणूस रंगूबाईला तिथंच आवडला.

मग त्या काट्यावर जे चाललं ते आठवून बाया अजून पोट धरून हसतात. पहिली चढली ती बौद्धवाडीतली दीप्ती. रंगूबाई ओरडली, ‘एक्केचाळीस!’ तेव्हाची मर्यादा चाळीसची, पोर मर्यादेबाहेर. दीप्तीचा चेहरा रडवेला झाला. रंगूबाईनं तिला नीट न्याहाळलं, फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि एकेक कैरी काढायला सुरुवात केली. दोन्ही खिसे मिळून सात कैऱ्या! ‘आता चड. एकोनचाळीस दोनशे! लिवा सर, पोरगी पास, कैऱ्या नापास.’ पाठमोऱ्या सरांचे खांदे हसून गदगदत होते, पण त्यांनी मान वळवली नाही. भात घेऊन आलेल्या एका म्हातारीनं नाक मुरडलं, आमच्या पोत्यांच्या काट्यावर कुठल्याही वाडीच्या पोरी चढवतेस म्हणून. रंगूबाईनं तिचं पोतं तिथंच उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘मंग तुजं पोतं घरी जोख.’ म्हातारी दुपारपर्यंत बसली होती.

पुढची वीस-बावीस वर्षं तो रिवाजच पडला. स्पर्धेआधीच्या रविवारी गिरणीवर वजनं. दार नाही, आडोसा नाही, बाईच्या हातचा काटा आणि आंब्याखाली पाठमोरे सर. सरांनी आपल्या मोटारसायकलवर कधी एकट्या पोरीला बसवलं नाही. दोघी असतील तर बसा, नाहीतर एसटीची वाट बघा आणि मीही तुमच्याबरोबर थांबतो. संघ बाहेरगावी निघाला की डबे घेऊन रंगूबाई पुढच्या सीटवर. गोमाजी म्हणायचा, ‘मी गिरनीवर, बायको मैदानावर, भाकरी कुनी करायची?’ आणि स्वतःच पिठलं रांधायचा. तुडीलच्या सामन्यांना वजनाचा काटा एका खोलीत मांडला होता. रंगूबाई उंबऱ्यातच ठाण मांडून बसली. काटा भायेर आना, म्हणाली. तिथल्या लोकांनी थोडी कुरकुर केली, मग हसत हसत काटा बाहेर आणला, चिंचेखाली मांडला, आणि पुढच्या वर्षी तर तिच्यासाठी खुर्चीही मांडून ठेवली. त्या चिंचेखाली बसून खाल्लेल्या सुकटीच्या चटणीची चव रंगूबाईला आजही आठवते. सर त्या वेळी अजून काळ्या केसांचे होते. पोरी दोन वेण्यांच्या. नदीवरून वारा यायचा आणि कुणीतरी दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत मैदान कापत जायची, तेव्हा रंगूबाईचे ओठ आपोआप हलायचे.

ते का हलायचे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

रंगूबाईचं माहेर आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत. तेरा वर्षांची असताना तिचा दम असा होता की एका श्वासात हुतुतूचं अख्खं मैदान पार करून गडी मारून परत यायची. गुरुजींनी तालुक्याच्या खेळांसाठी तिची निवड केली. आई हरखली, बापानं बाजारातून नवीन परकर आणला. आणि एके दिवशी उंची मोजायची म्हणून गुरुजींनी तिला एकटीला खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. उंची मोजताना हात कुठं लागतो आणि कुठं लागायचं कारण नसतं, एवढं तेरा वर्षांच्या पोरीला कळतं. ती चावली. चावून पळाली ती थेट घरी, आईच्या कुशीत. आईनं विश्वास ठेवला. बापानंही ठेवला, हे रंगूबाई आजही मानते. आणि दोघांनी मिळून तिची शाळा बंद केली, खेळ बंद केला, तीन वर्षांत कापड्याला देऊन टाकलं. गुरुजी आणखी दोन वर्षं तिथंच शिकवत राहिले आणि शाल-श्रीफळ घेऊन बदलून गेले. तो नवीन परकर तिनं एकदाही घातला नाही.

तर हे कारण. म्हणून ऑफिसाला दार आहे का, असं विचारलं होतं.

आता गेल्या वर्षाकडे येऊ. सुशांत सर निवृत्त होऊन महाडला राहायला गेले. गोमाजी तर दहा वर्षांपूर्वीच गेला. गिरण आठवड्यातून दोन दिवस चालते, तांदूळ लोक पिशवीतलाच आणतात. आणि पोलादपुरात एक नवीन केंद्र निघालं. शेडमध्ये निळी मॅट, भिंतीवर मोठे आरसे, आणि मुंबईत खेळून आलेले किशोर सर. गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, बोलणं अर्धं हिंदीत. ‘बच्ची में दम है, सिलेक्शन पक्का,’ असं म्हणाले की आईबापांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कापड्यातल्या पाच पोरी तिथं जायला लागल्या. दीप्ती आता गावात आशाताई आहे, तिची श्रुतिका आणि रंगूबाईची सेजल त्यातच. दोघींचं वय तेरा.

उद्घाटनाच्या दिवशी रंगूबाईही गेली होती. जुनी खोड, तिनं विचारलं, ‘सर, वजनं कुठं घेनार? आमच्याकडं गिरनीवर काटा हाय, शिक्क्याचा.’ किशोर सर खळखळून हसले. ‘आजी, आता पोती नाही, प्लेयर मोजायचे आहेत. डिजिटल आहे आपल्याकडे, ऑफिसमध्ये.’ सगळे हसले. जिच्या खिशातून तिनं कैऱ्या काढल्या होत्या, ती दीप्तीसुद्धा हसली. आणि रंगूबाईला, जिला आयुष्यात कुणाची भीड पडली नाही तिला, त्या दिवशी लाज वाटली. आपला काटा गावठी, आपण गावठी, शिकलेल्या माणसांत उगीच तोंड घातलं, असं वाटलं. घरी येऊन तिनं काट्यावर ताडपत्री टाकली. चुकली ती इथं चुकली. ऑफिसाला दार आहे का, हे विचारायचं ती विसरली नव्हती. तिनं विचारलं नाही. हे तिचं तीच सांगते, आणि सांगताना डोळ्याला पदर लावते.

मार्गशीर्षात एके दुपारी सेजल शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि सरळ काट्यावरची ताडपत्री ओढून काढली.

‘आजी, माजं वजन घे ना.’

‘का गो? त्या डिजिटलवर घेतात ना तुजं?’

‘तू घे.’

पोरीचा आवाज बारीक झाला होता. रंगूबाईनं फळीवरचा कोंडा झटकला, दांडी सरळ केली. सेजल चढली. ‘सत्तेचाळीस,’ रंगूबाई म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली.

सेजलनं परत बघायला लावलं. परत सत्तेचाळीस. मग ती काट्यावर उभी राहूनच रडायला लागली. ‘सर म्हनतात चोपन्न भरलं. पंचावन्नच्या वर गेलीस की संघाच्या भायेर. म्हनून रोज वजन करायला ये म्हनतात. सगळ्यांच्या आधी ये, एकटी ये. दार लावून घेतात आजी. टी-शर्टचं वजन नको म्हनतात. मला नाय आवडत.’

पंचावन्न वर्षांपूर्वीची खोली जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली, त्या खोलीतला खडूचा वासही आला. पण तिनं पोरीला आधी खाली उतरवलं, जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘तू सांगितलंस ते लय चांगलं केलंस. तुजं कायबी चुकलं नाय. आयकलंस? कायबी नाय.’ हे वाक्य तिला स्वतःला कुणी म्हटलं नव्हतं.

सेजलनं डोळे पुसत पहिला प्रश्न काय विचारावा? ‘आता माजा खेळ बंद करनार का गो?’

बघा पोरीला कशाची भीती होती! आणि त्याचं उत्तर रंगूबाईच्या हातात नव्हतं. सेजलचा बाप, म्हणजे रंगूबाईचा मुलगा अनिल, मुंबईत कुरियरच्या गोदामात कामाला. संध्याकाळी सूनबाईनं रडत रडत त्याला फोनवर सगळं सांगितलं. अनिल भला मुलगा, पण बाप शेवटी बाप. आधी त्या माणसाला फाडतो म्हणाला, मग रडला, आणि मग व्हायचं तेच झालं. ‘आई, उद्यापास्नं तिचा खेळ बंद. शाळा आनि घर. मला कायबी ऐकायचं नाय. पोरीचा तमाशा नको गावात.’

‘अनिल, फोन ठेवू नको,’ रंगूबाई म्हणाली. सुनेला आणि नातीला तिनं बाहेर पाठवलं नाही. ओटीवर बसली, फोन कानाला धरला आणि बोलायला लागली. आवाज गिरणीचा नव्हता. वाडीतली शाळा सांगितली, उंची मोजायची ती भिंत सांगितली, गुरुजींचा हात सांगितला. ‘माज्या आईबापानं हेच केलं रे. तमाशा नको म्हनून. पाप त्याचं आनि दार माजं लागलं. तो मास्तर शाल पांघरून गेला. माजा दम मी चूल फुकन्यात घालवला. तू लहान असताना विचारायचास ना, आई तू खेळ बघताना तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? मी खेळत असायची रे. तेरा वर्सांची होऊन खेळत असायची. आता माज्या नातीला त्याच दाराआड कोंडनार असशील, तर आधी मला सांग, माजं काय चुकलं व्हतं?’

पलीकडून गोदामातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग अनिल म्हणाला, ‘आई, मी शनवारी येतो. तू कर काय करायचं ते.’

सेजल हे सगळं ऐकत होती. ती येऊन आजीच्या पाठीला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी रंगूबाई दीप्तीच्या दारात. दीप्तीनं सगळं ऐकून घेतलं. श्रुतिकाला बोलावून तिनं एकच विचारलं, ‘तुझं वजन सर किती सांगतात?’ श्रुतिका खाली बघून म्हणाली, ‘साडेत्रेपन्न. मलापण परत बोलावतात.’ दीप्ती आशाताई, कायद्याची माहिती तिला प्रशिक्षणात मिळालेली. तिनं तिथूनच एक-शून्य-नऊ-आठला, मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला, पोलीस ठाण्यात गेली, लेखी दिलं. आणि रंगूबाईनं गावात निरोप फिरवला, रविवारी गिरणीवर वजनं. केंद्रात जाणारी प्रत्येक पोरगी आणि तिची आई. कशासाठी, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. महाडला सुशांत सरांना मात्र फोन करून सांगितलं, ‘सर, जुनी वही घेऊन या.’

रविवारी अंगण भरलं. बहुतेक आया जुन्या खेळाडू, पंचवीस वर्षांनी त्या काट्याभोवती जमल्या होत्या, त्यामुळे आधी नुसता गोंधळ. तू तेव्हा किती होतीस, मी किती, आता तर काटाच मोडेल! हशा चालला होता. सुशांत सर पांढऱ्या केसांनी आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि सवयीनं आंब्याखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. आंबा केवढा वाढला होता. बायांचं हसणं तिथंच विरलं. काहींनी पदर डोळ्यांना लावला. जुने दिवस असे पाठमोरे उभे राहिलेले बघवत नाहीत.

रंगूबाईनं काट्यावर आधी शिक्क्याचं वीस किलोचं वजन ठेवून दाखवलं. बरोबर वीस. ‘सगळ्यांनी बघून घ्या, मागनं बोलायचं नाय.’ मग एकेक पोर चढायला लागली. रंगूबाई आधी विचारायची, ‘डिजिटल काय म्हनतं?’ आणि मग काटा बघून ओरडायची. कापड्याच्या आणि आसपासच्या मिळून अकरा पोरी. सात जणींची दोन्ही वजनं जुळली. चार जणींची जुळली नाहीत. चौघींना सहा-सहा, सात-सात किलो जास्त सांगितलेलं. आणि चौघींना परत एकटं बोलावलेलं.

चौथीचं वजन ओरडून झालं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या बायांनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग आपापल्या पोरीला जवळ ओढलं.

एक आई तेवढी म्हणाली, ‘उद्यापास्नं नको तो खेळच.’

‘खेळ का नको?’ रंगूबाई कडाडली. आता आवाज पुरता गिरणीचा झाला होता. ‘खेळानं काय केलंय तुजं? त्या मानसाला काडायचं. पोरींना नाय. पोरी खेळनार!’ सरांनी आंब्याखालूनच, मान न वळवता, म्हटलं, ‘मी शिकवतो. काकू काट्यावर असतील तर उद्यापासून येतो.’

दुसऱ्या दिवशी साध्या साडीतल्या पोलीसबाई आल्या, पोरींच्या घरी त्यांच्या आयांसमोर बसून प्रेमानं विचारून गेल्या. किशोर सरांना अटक झाली. केस चालू आहे, तारखा पडतायत. तारखेला दीप्ती जाते, रंगूबाई जाते, आणि आता अनिलही सुट्टी काढून येतो. गावात चार तोंडं वाकडं बोललीच. त्यांतल्या एकाचं भात रंगूबाईनं तीन आठवडे भरडलं नाही.

फेब्रुवारीत महाडला किशोरी गटाचे सामने होते. आदल्या रविवारी गिरणीवर वजनं झाली. पोरींचे नंबर लावायला आता रंगूबाईची गरज नव्हती, दीप्तीच सगळं बघत होती, सेजल सत्तेचाळीस किलो तीनशे भरली आणि उडी मारून उतरली. उतरली ती आजीचा हात धरूनच.

‘आजी, तू चड.’

‘मी? मी काय पोतं हाय?’

‘पंचवीस वर्सं सगळ्यांना चडवलंस. तू कवा चडलीस?’

खरंच की. रंगूबाई आठवायला लागली. एकदाही नाही. पोरींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून फळीवर उभं केलं. दीप्तीनं दांडी सरकवली आणि काकूच्याच आवाजात ओरडली, ‘एक्केचाळीस! लिहा सर! पंचावन्नच्या आत! काकू किशोरी गटात बसतात!’

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. आंब्याखालून सर म्हणाले, ‘वजनात बसल्या. नाव लिहिलंय, रंगूबाई. वय काय लिहू?’

हसत हसत रंगूबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘तेरा.’

पोरी आणखी हसल्या. सेजल हसली नाही. तिनं आजीचा हात घट्ट धरला. अनिल कुंपणापाशी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. सरांनी वहीत ‘तेरा’ लिहायला घेतलं, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात लिहिता लिहिता थांबला.

रंगूबाई काट्यावर उभी राहूनच रडली, सगळ्यांसमोर, भर उजेडात, लपवायचं काही नसल्यासारखी. मग पदरानं तोंड पुसलं, खाली उतरली, फळीवरची माती झटकली आणि रांगेकडे बघून ओरडली, ‘चला गो, पुढची कोन?’